पावती क्रमांक एकशे बारा

नवतपाच्या तिसऱ्या दिवशी निघाले मी
पावतीपुस्तक घेऊन.
डोक्याला ओला दुपट्टा, पर्समध्ये कांदा,
आणि बागेच्या जळालेल्या मोटरीचा अंदाज,
मुनव्वर वाइंडिंगवाल्याच्या हातचा :
अठरा हजार चारशे. खाली बारीक अक्षरात,
‘मजुरी नको.’

कागदोपत्री ते उद्यान क्रमांक सात.
गोरेवाड्याकडे कुणालाही विचारा, म्हणेल परातेची बाग.
खुद्द परातेजींसमोर मात्र म्हणू नका.
“माही कायची जी? झाडाईची आहे.
मी तर पाण्याचा माणूस.”

चौतीस वर्षांपूर्वी रोजंदारीवर आला हा पाण्याचा माणूस
तेव्हा इथे मुरूम होता,
फुटक्या कवेलूंचा ढीग, आणि एकच भेरा,
त्याच्याही खोडाला कुणीतरी म्हैस बांधायचं.
सुट्टीला रामटेकच्या एसटीत बसून जायचा,
परत यायचा तेव्हा भाकरीच्या डब्यात बिया.
रोहन, बीजा, कुंभी, मोई.
तेलाच्या पिपाचा पत्रा कापून
एकेकाला पाटी केली, ब्रशने नाव लिहिलं
ऱ्हस्व-दीर्घाची भीड न धरता.
एका पाटीवर मात्र लिहिलंय :
नाव माहीत नाही. पाहून राहिलो.

अकरा वर्षं झाली त्या पाटीला.
कॉलेजातले लोक येऊन फोटो काढून गेले,
एकाने एक नाव सांगितलं, दुसऱ्याने दुसरं,
परातेजींनी दोघांनाही चहा पाजला.
पाटी तशीच.

मी काही झाडं पाहायला आले नव्हते इथे.
मेडिकलमधली रात्रपाळी संपायची
आणि घरी जावंसं वाटायचं नाही,
अशा एका सकाळी बाकावरच झोपले.
जाग आली तेव्हा अकरा वाजलेले, ऊन सगळीकडे,
फक्त माझ्या तोंडावर नाही.
दोन बांबूंना पोतं बांधलं होतं वर,
रोपांना बांधतात तसं.
हे मी समितीच्या बैठकीत सांगितलेलं नाही.

दारोदार काय काय ऐकलं.
“ओपन जिम टाका, मग देतो.”
“नगरसेवक काय झोपला आहे का?”
“त्याले पगार भेटते न?”
संपला, म्हटलं. चार वर्षांपूर्वी, शाल-श्रीफळ देऊन.
ती शाल पुढच्याच मे महिन्यात
कुंभीच्या रोपावर ताणलेली पाहिली मी,
जरीचा काठ पश्चिमेकडे.

तर्री-पोहेवाल्या धकातेने गल्लाच उलटा केला,
चिल्लर मोजायला मलाच बसवलं.
डेंग्यांची खुशाली म्हणाली, पैसे नाहीत काकू,
पण आरओचं पाणी वाया जातं आमच्याकडे,
रोज दोन बादल्या. चालतील?
पावतीच्या मागच्या बाजूला मी गुणाकार केला :
शंभर घरं, दोनशे बादल्या.
डोळ्यांत पाणी आलं जरा. कांदा असेल.

संध्याकाळी बागेत पोचले
तर परातेजी मडक्यांची भोकं वातींनी बुजवत बसलेले.
बनियनच्या खिशातून घामेजलेल्या नोटा काढल्या.
एक्कावन्न.
तुमच्याकडून नको, मी म्हटलं.
“माह्याकडून कुठं देऊन राहिलो?”
हनुवटीनेच त्यांनी त्या झाडाकडे दाखवलं.
“त्याच्याकडून लिहा.”

पावती क्रमांक एकशे बारा.
नाव : माहीत नाही.
रुपये : एक्कावन्न फक्त.

हिशेब तपासताना भोयर सर थांबले,
चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
ही पावती कोणाची, बाई?
मोटर नुकतीच सुरू झाली होती,
पाइप आधी खोकला, मग लाल चिखल ओकला,
आणि सगळे तिकडे पळाले, सरांशिवाय.

पाहून राहिले, मी म्हटलं.